फॉर-प्रॉफिट कॉलेजची डिग्री अमेरिकेत नोकरी देणाऱ्यांना चालते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत येऊन पुन्हा शिकायचं ठरवलं आणि नेटवर एखादा फॉर्म भरला की तासाभरात फोन सुरू होतात, आणि ते बहुतेक करिअर कॉलेजांचेच, म्हणजे नफ्यासाठी चालणाऱ्या फॉर-प्रॉफिट कॉलेजांचेच असतात. नुकतंच वर्क परमिट मिळालेली, मुलं शाळेत जायला लागल्यावर आता काहीतरी करू म्हणणारी आपली माणसं यात पटकन ओढली जातात. मी हायरिंगच्या बाजूला बसते, रेझ्युमे वाचते, पॅनलवर असते, त्यामुळे ओळखीपाळखीतून हे प्रश्न सारखे येतात. एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळं इथे एकत्र लिहून टाकतेय.

फॉर-प्रॉफिट म्हणजे नक्की कुठलं कॉलेज? प्रायव्हेट कॉलेज आणि हे एकच ना?

नाही, आणि इथेच पहिला गोंधळ होतो. हार्वर्ड, स्टॅनफर्ड पण प्रायव्हेटच आहेत पण ती नॉन-प्रॉफिट आहेत, म्हणजे त्यांना मालक नाही, उरलेला पैसा संस्थेतच राहतो. फॉर-प्रॉफिट कॉलेजला मालक असतो किंवा शेअरहोल्डर असतात आणि नफा त्यांच्याकडे जातो. युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स, डीव्राय, स्ट्रेयर, कॅपेला, वॉल्डन, फुल सेल, लिंकन टेक, युनिव्हर्सल टेक्निकल इन्स्टिट्यूट ही चालू असलेली मोठी नावं. बंद पडलेल्यांत आयटीटी टेक आणि एव्हरेस्ट सगळ्यांना माहीत असतात.

काहींनी रूपही बदललंय. कॅप्लान युनिव्हर्सिटी २०१७ मध्ये पर्ड्यूने एका डॉलरला घेतली आणि २०१८ पासून ती पर्ड्यू ग्लोबल झाली. अॅशफर्ड २०२० मध्ये अॅरिझोना युनिव्हर्सिटीच्या नावाखाली गेली. त्यामुळे नुसत्या नावावरून ओळखता येईलच असं नाही. शिक्षण खात्याची कॉलेज स्कोअरकार्ड म्हणून साइट आहे, तिथे कॉलेजचं नाव टाकलं की प्रायव्हेट फॉर-प्रॉफिट आहे का ते स्वच्छ लिहिलेलं दिसतं.

एम्प्लॉयर खरंच कॉलेजचं नाव बघतात का, की डिग्री आहे की नाही एवढंच?

बघतात, पण सगळे नाही आणि सगळ्या कामांसाठी नाही. यावर चांगला अभ्यास झालाय त्यामुळे हवेत बोलायची गरज नाही. डेव्हिड डेमिंग, क्लॉडिया गोल्डिन, लॉरेन्स कॅट्झ वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी खोटे रेझ्युमे बनवून खऱ्या जाहिरातींना पाठवले, बाकी सगळं सारखं, फरक फक्त कॉलेजचा. २०१६ मध्ये हे छापून आलं. बिझनेसची बॅचलर डिग्री ऑनलाइन फॉर-प्रॉफिटमधून असेल तर साध्या, कोणालाही सहज अॅडमिशन देणाऱ्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या मानाने २२ टक्के कमी कॉलबॅक, म्हणजे एम्प्लॉयरकडून पुढची बोलावणी, आले. लक्षात घ्या, तुलना कुठल्या नामांकित युनिव्हर्सिटीशी नव्हती, अगदी सर्वसाधारण स्टेट कॉलेजशी होती.

आमच्याकडे हे कसं होतं ते सांगते. एका जागेसाठी ढीगभर रेझ्युमे येतात, पहिल्या चाळणीत माणूस एका रेझ्युमेवर फार वेळ घालवत नाही. मागची नोकरी काय, शहर कोणतं, शिक्षण काय, बस. त्यात अनुभव भरपूर असेल तर शिक्षणाच्या ओळीवर कोणी थांबतच नाही. पण अनुभव कमी असेल, म्हणजे नेमकं ज्याने करिअर बदलण्यासाठी शिक्षण घेतलंय त्याच्या बाबतीत, ती एक ओळच सगळा भार उचलत असते आणि तिथे जाहिरातीत पाहिलेलं नाव दिसलं की काही लोक नाक मुरडतात. उघड कोणी बोलत नाही, फाइल नुसती खाली सरकते. अन्याय आहे, कारण त्या माणसाने रात्री जागून अभ्यास केलेला असतो, पण होतं हे खरं.

म्हणजे ही डिग्री घेऊच नये असं म्हणायचंय का?

असं सरसकट नाही. त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट निघाली आणि मला वाटतं तीच सगळ्यात कामाची आहे. आरोग्य क्षेत्रातल्या नोकऱ्यांमध्ये फॉर-प्रॉफिटवाल्यांना कॉलबॅक कमी आले, पण ज्या नोकरीला लायसन्ससारखा बाहेरचा पुरावा लागतो तिथे असा फरक दिसला नाही.

याचं कारण सोपं आहे. नर्सिंगचं उदाहरण घ्या. रजिस्टर्ड नर्स व्हायला एनक्लेक्स परीक्षा पास व्हावी लागते, ती सगळ्यांना तीच, कॉलेज कुठलंही असो. हॉस्पिटलला कळतं की बाईला काम येतंय, एका तिसऱ्याच यंत्रणेने तपासलंय, मग कॉलेजच्या नावाची तेवढी गरज उरत नाही. उलट बिझनेस मॅनेजमेंट, क्रिमिनल जस्टिस, जनरल आयटी असल्या डिग्र्यांना बाहेरची परीक्षाच नाही, तिथे कॉलेजचं नाव हाच पुरावा, आणि तो पुरावा कच्चा पडला की सगळं कच्चं पडतं.

म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारते की या कोर्सच्या शेवटी लायसन्स किंवा बाहेरची परीक्षा आहे का. असेल तर पुढे बोलू, त्या परीक्षेचा त्या कॉलेजचा पास रेट बघू. बऱ्याच राज्यांची नर्सिंग बोर्डं कॉलेजवार एनक्लेक्सचा पास रेट साइटवर टाकतात, पाच मिनिटांचं काम आहे. नसेल, तर एवढे पैसे कशासाठी ते कॉलेजने तुम्हाला पटवून द्यायला हवं.

बायकोला मेडिकल असिस्टंटचा कोर्स करायचाय, करिअर कॉलेजवाले म्हणतात नऊ महिन्यांत नोकरी, खरं का?

मेडिकल असिस्टंट हा मधला प्रकार आहे. बहुतेक राज्यांत याला लायसन्स लागत नाही पण क्लिनिक्स सर्टिफिकेशन मागतात. त्यातलं जास्त वजनदार सीएमए (सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट), आणि त्या परीक्षेला बसायची मुख्य वाट म्हणजे सीएएएचईपी किंवा एबीएचईएस यांची मान्यता असलेला प्रोग्राम. कॉलेजला मान्यता असणं वेगळं आणि त्या प्रोग्रामला मान्यता असणं वेगळं, हे वहिनींना नीट समजावून सांगा कारण फोनवरचा माणूस पहिल्याबद्दल बोलतो आणि दुसऱ्याबद्दल गप्प बसतो.

दुसरं, एक्स्टर्नशिप, म्हणजे कोर्समधला क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष काम शिकण्याचा भाग, कुठे देतात ते विचारा. हा कोर्स केलेल्यांपैकी ज्यांना पटकन नोकरी लागलेली मी बघितलीय त्यांना बहुतेकदा एक्स्टर्नशिपच्याच क्लिनिकने ठेवून घेतलं, कारण त्यांनी तिला ब्लड काढताना, पेशंटशी बोलताना, सिस्टममध्ये नोंदी करताना डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आमच्या ओळखीतल्या एकीला कॉलेजने एक्स्टर्नशिप म्हणून अशा ऑफिसला पाठवलं जिथे ती फक्त फायली लावत होती, इंजेक्शनला हात नाही, ईकेजी (ईसीजी) नाही. नंतर इंटरव्ह्यूत विचारलं किती ब्लड ड्रॉ केलेत तर सांगायला काही नव्हतं. सर्टिफिकेट हातात होतं, पण ते हातात असून काही उपयोग झाला नाही.

आणि हाच कोर्स जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये आहे का ते आधी बघा.

कम्युनिटी कॉलेज आणि करिअर कॉलेज यात एम्प्लॉयरला काय जास्त आवडतं?

मिसुरी युनिव्हर्सिटी आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी सात मोठ्या शहरी भागांत सुमारे ९,००० खोटे रेझ्युमे पाठवून हेच तपासलं, २०१५ च्या सुमाराला ते आलं. एम्प्लॉयर फॉर-प्रॉफिटला कम्युनिटी कॉलेजपेक्षा पसंती देतात असा काहीही पुरावा मिळाला नाही. इथवर ठीक, पण कॉलेजला न गेलेल्या माणसापेक्षाही पसंती देतात असंही दिसलं नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं.

पगाराचं म्हणाल तर स्टेफनी सेलिनी आणि निकोलस टर्नर यांनी सरकारी आकडे घेऊन ८ लाखांहून जास्त फॉर-प्रॉफिट सर्टिफिकेटवाल्या विद्यार्थ्यांची कमाई तपासली, सरकारी कॉलेजमधल्या तशाच विद्यार्थ्यांपेक्षा ती ११ टक्के कमी निघाली. आता खर्च बघा. सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीने २०१२ मध्ये ३० कंपन्यांची चौकशी करून रिपोर्ट दिला होता, त्यात असोसिएट डिग्री आणि सर्टिफिकेटचा खर्च कम्युनिटी कॉलेजच्या सरासरी चौपट निघाला. चौपट पैसे आणि एम्प्लॉयरच्या नजरेत वरचढ नाहीच, यात मला तरी हिशोब बसत नाही.

पण एक बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंगसारख्या कोर्सला वेटिंग लिस्ट असते, कधी वर्ष तर कधी जास्त, क्लासेसच्या वेळा नोकरीवाल्याला जमत नाहीत, काउन्सेलर भेटत नाही. करिअर कॉलेज लगेच सुरू करतं, संध्याकाळी क्लास देतं, फॉर्मही भरून देतं. लोक तिकडे जातात ते मूर्ख असतात म्हणून नाही. त्यांना वेळ नसतो म्हणून जातात.

पण एवढा अविश्वास आला कुठून? सगळी कॉलेजं वाईट थोडीच असतात?

सगळी वाईट नाहीत, पण काही मोठ्यांनी जे केलं त्याची किंमत बाकीच्यांचे विद्यार्थी अजून मोजतायत.

कोरिन्थियन कॉलेजेस, म्हणजे एव्हरेस्ट, हील्ड, वायोटेक ही नावं चालवणारी कंपनी. शिक्षण खात्याने एप्रिल २०१५ मध्ये हील्डला सुमारे ३ कोटी डॉलर दंड केला, नोकरी लागल्याचे ९४७ आकडे चुकीचे दिले म्हणून. त्यातला एक प्रकार असा की टेम्प एजन्सीला पैसे देऊन आपलेच विद्यार्थी थोड्या दिवसांसाठी कामाला लावायचे आणि त्यांना प्लेसमेंट म्हणून मोजायचं. त्याच महिन्यात कंपनीने उरलेली सगळी कॅम्पस एका झटक्यात बंद केली. सप्टेंबर २०१६ मध्ये आयटीटी टेक बंद झालं, १३० हून जास्त कॅम्पस, हजारो मुलं अर्ध्यावर.

डीव्रायने डिसेंबर २०१६ मध्ये एफटीसीशी, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेशी, १० कोटी डॉलरची तडजोड केली. त्यांची जाहिरात म्हणायची की नोकरी शोधणाऱ्या ९० टक्के ग्रॅज्युएट्सना सहा महिन्यांत आपल्या फील्डमध्ये नोकरी लागते. एफटीसीचा आरोप असा की त्या मोजणीत टेक्निकल मॅनेजमेंट शिकून गावाकडे टपाल वाटणारा पण धरला होता, आणि बिझनेस शिकून रेस्टॉरंटमध्ये वेटरचं काम करणारा पण. युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्सची तडजोड २०१९ मध्ये, १९.१ कोटी डॉलरची, आणि ती तर थेट आपल्या विषयातलीच. मायक्रोसॉफ्ट, एटी अँड टी, अडोबी असल्या कंपन्यांशी आपलं जवळचं नातं आहे, त्यांच्या नोकऱ्या आपल्या मुलांसाठी आहेत असा समज जाहिरातींनी करून दिला असं एफटीसीचं म्हणणं होतं. म्हणजे एम्प्लॉयरचं नाव एम्प्लॉयरला न विचारता विकलं.

हायरिंग मॅनेजर काही कोर्टाचे कागद वाचत बसत नाही, पण बातम्या बघतो, आणि दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात माणसं. शिवाय पैसा कुठे जातो तेही हार्किन रिपोर्टमध्ये आलं होतं, या कंपन्या कमाईचा साधारण २३ टक्के भाग मार्केटिंग आणि भरतीवर घालवत होत्या आणि शिकवण्यावर साधारण १७ टक्के. त्या रिपोर्टमधल्या कागदांत आयटीटीचं एक ट्रेनिंगचं पान आहे, त्याला त्यांनी पेन फनेल (दुःखाचं नरसाळं) म्हटलंय, म्हणजे फोनवर आलेल्या माणसाला टप्प्याटप्प्याने असे प्रश्न विचारायचे की त्याचं आयुष्यातलं दुःख वर येईल आणि मग तो सही करेल. तुम्हाला फोनवर कोणी विचारलं की मुलांना तुमच्याबद्दल काय वाटेल, तर फोन ठेवा.

कॉलेज म्हणतं आम्ही फुल्ली अॅक्रिडिटेड आहोत, मग काय प्रॉब्लेम?

कोणी अॅक्रिडिट केलंय, म्हणजे मान्यता दिलीय, हा खरा प्रश्न. आयटीटी आणि कोरिन्थियनची बरीच कॅम्पसही अॅक्रिडिटेड होती, एसीआयसीएस नावाच्या संस्थेकडून, आणि शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने त्या संस्थेचीच मान्यता काढली.

पूर्वी मान्यता देणाऱ्या संस्थांचे रिजनल आणि नॅशनल असे दोन प्रकार असायचे, रिजनल म्हणजे एचएलसी, एसएसीएससीओसी, मिडल स्टेट्स वगैरे, मोठ्या स्टेट युनिव्हर्सिट्या सगळ्या यातच. जुलै २०२० पासून शिक्षण खात्याने हा भेद नियमांतून काढला पण लोकांच्या डोक्यातून आणि युनिव्हर्सिट्यांच्या पॉलिसीतून तो गेलेला नाही. फिनिक्स, डीव्राय, कॅपेला यांना एचएलसीचीच मान्यता आहे, त्यामुळे फॉर-प्रॉफिट म्हणजे कमी दर्जाची मान्यता असंही नाही.

केंद्र सरकारच्या नोकरीसाठी शिक्षण खात्याने ओळखलेल्या संस्थेची मान्यता लागते, फॉर-प्रॉफिट असल्याने अडत नाही. व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये नर्स व्हायचं असेल तर मात्र नर्सिंग प्रोग्रामला एसीईएन किंवा सीसीएनईसारखी वेगळी मान्यता बघतात.

एच-१बीसाठी इथली मास्टर्स उपयोगी पडते ना? फॉर-प्रॉफिटमधून केली तर?

हा प्रश्न आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचा आणि याचं उत्तर कॉलेजवाले स्वतःहून देत नाहीत. एच-१बीमध्ये अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी ज्या वेगळ्या २०,००० जागा आहेत त्यांना कायद्यातली जी व्याख्या लागते तिच्यात कॉलेज सरकारी किंवा नॉन-प्रॉफिट असावं लागतं. फॉर-प्रॉफिटची मास्टर्स त्यात धरत नाहीत. मान्यता असली तरी नाही. तुम्ही नेहमीच्या ६५,००० च्या कोट्यात बसू शकता, पण मास्टर्सचा जो जादा फायदा म्हणून लोक एवढा खर्च करतात तोच मिळत नाही.

आणि डिग्री हातात पडली त्या दिवशी कॉलेजला मान्यता असली पाहिजे, आधी होती किंवा नंतर मिळाली हे चालत नाही. चुकून मास्टर्स कॅपमध्ये, म्हणजे त्या २०,००० जागांत, अर्ज गेला तर पिटिशन नाकारली जाऊ शकते, त्यामुळे एम्प्लॉयरच्या वकिलाला कॉलेजचा प्रकार आधीच सांगा. वकील बघेल म्हणून गप्प बसू नका.

मेकॅनिक, वेल्डिंग, एअरक्राफ्ट टेक्निशियन यांचं काय? तिथे पण नाव खराब आहे का?

इथे चित्र बरंच बरं आहे. गॅरेजवाल्याला किंवा डीलरशिपच्या सर्व्हिस मॅनेजरला डिग्रीचं कौतुक नसतं, गाडी दुरुस्त करता येते का एवढंच. युनिव्हर्सल टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये फोर्ड, बीएमडब्ल्यू यांचे त्या त्या ब्रँडचे कोर्स चालतात आणि त्या डीलरशिपना ते ओळखीचे आहेत. पुढे एएसईचं, म्हणजे गाड्या दुरुस्त करणाऱ्यांसाठीचं, सर्टिफिकेशन आहे. विमानांच्या मेंटेनन्सला एफएएचं, म्हणजे विमानवाहतुकीच्या सरकारी यंत्रणेचं, ए अँड पी सर्टिफिकेट, परीक्षा एफएएची, त्यामुळे पुन्हा तेच, बाहेरचा पुरावा आहे.

पण पैशाचा प्रश्न राहतोच, कारण काही डीलरशिप शिकाऊ म्हणून घेऊन पगार देत शिकवतात. शंका असेल तर सरळ जवळच्या दोन सर्व्हिस मॅनेजरना जाऊन विचारा की तुमच्याकडचे लोक कुठून शिकून आलेत, माणसं आनंदाने सांगतात.

फिल्म, अॅनिमेशन, गेम डिझाइन?

पोर्टफोलिओ. नावाने फारसा फरक पडत नाही, चांगल्यानेही नाही आणि वाईटानेही नाही. कोर्सला जाण्याआधी त्यांच्या मागच्या बॅचच्या मुलांची कामं नेटवर शोधून बघा, कॉलेजने निवडलेली नव्हे, कोणाचीही.

ऑनलाइन डिग्री आणि फॉर-प्रॉफिट डिग्री एकच समजतात का एम्प्लॉयर?

काही जण समजतात, पण आता कमी. कोविडनंतर ऑनलाइन शब्दाचा बाऊ बराच गेलाय. वेस्टर्न गव्हर्नर्स आणि सदर्न न्यू हॅम्पशायर या दोन्ही ऑनलाइनमध्ये प्रचंड मोठ्या आणि दोन्ही नॉन-प्रॉफिट, अॅरिझोना स्टेट तर सरकारी आणि तिच्या डिग्रीवर ऑनलाइन असं लिहिलेलं नसतं. वेळ नाही म्हणून फॉर-प्रॉफिटकडे वळणार असाल तर आधी या वाटा बघा.

फॉर-प्रॉफिट म्हणजे बोगस डिग्री का हो? भाऊ म्हणतो विकत मिळते ती.

नाही, भावाचा घोळ होतोय. विकत मिळणारी डिग्री म्हणजे डिप्लोमा मिल, तिथे शिकणं नाहीच. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर धाड पडली तेव्हा आपल्या भारतातल्या मुलांचे किती हाल झाले, काहींच्या पायांना रेडिओ टॅग लावले होते, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. मान्यता असलेल्या फॉर-प्रॉफिट कॉलेजमध्ये खरे क्लास, खऱ्या परीक्षा, खरी डिग्री असते. तिथे मनापासून शिकलेल्या माणसाला बोगस म्हणणं मला अजिबात पटत नाही.

अॅडमिशन घेण्याआधी एम्प्लॉयरला काय वाटतं हे मला स्वतःला कसं कळणार?

त्यांनाच विचारून. तुम्हाला जिथे काम करायचंय अशी चार-पाच ठिकाणं काढा, एचआरला किंवा ऑफिस मॅनेजरला फोन करा, आणि असं विचारा की मी अमुक कोर्स करायच्या विचारात आहे, तुम्ही अलीकडे या कामासाठी ज्यांना घेतलं ते कुठल्या शाळेतून आले होते, कुठलं सर्टिफिकेशन तुम्हाला लागतंच. चांगल्या-वाईटाबद्दल विचारू नका, त्यावर कोणी खरं बोलत नाही. कोणाला घेतलं विचारा.

मग लिंक्डइनवर त्या कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा भाग असतो, तिथे तुमचं शहर आणि तो विषय टाकून बघा की मंडळी आज काय काम करतायत. कॉलेज स्कोअरकार्डवर कोर्सप्रमाणे कमाई आणि कर्ज दोन्ही दिसतात, दोन आकडे शेजारी ठेवा.

कॉलेजने प्लेसमेंटचा आकडा सांगितला तर तो लेखी मागा, आणि किती जणांपैकी, कुठल्या वर्षीचे, त्या फील्डमधली नोकरी कशाला म्हणता, कोर्सच्या आधीपासून नोकरीत असलेले मोजलेत का, हे चार प्रश्न विचारा. वर डीव्राय आणि हील्डचं वाचलंत ना, आकडे नेमके याच ठिकाणी फुगतात.

इथून सुरुवात करून नंतर स्टेट युनिव्हर्सिटीत क्रेडिट्स नेता येतील का?

मोजून चाला. सरकारी कारभार तपासणाऱ्या जीएओ या सरकारच्याच संस्थेने २०१७ मध्ये रिपोर्ट दिला त्यात फॉर-प्रॉफिटमधून सरकारी कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्यांची अंदाजे ९४ टक्के क्रेडिट्स वाया गेली. क्रेडिट्स ट्रान्सफरेबल आहेत असं पाठवणारं कॉलेज म्हणतं, पण निर्णय घेणारं कॉलेज ते नसतं. ज्या युनिव्हर्सिटीत जायचंय तिच्याकडून लेखी घ्या.

सध्याच्या कंपनीत प्रमोशनसाठी फक्त डिग्री हवीय, मग?

मग तुमची गोष्ट सोपी आहे, कारण कंपनी तुम्हाला ओळखते, तुमचं काम रोज बघते, कॉलेजच्या नावाने तिचं मत बदलणार नाही. एचआरची पॉलिसी मागा, मान्यता कुठली लागते आणि ट्यूशनचे पैसे कुठल्या कॉलेजांसाठी देतात ते बघा. काही मोठ्या कंपन्यांचे फॉर-प्रॉफिट कॉलेजांशी सवलतीचे करार असतात. फक्त उद्या ही कंपनी सोडायची वेळ आली तर ती डिग्री बाहेर किती चालेल याचा विचार आजच करा.

डिग्री घेऊन झालीय, आता रेझ्युमेवर लिहू की नको?

लिहा. लपवू नका. लपवलं तर मधली दोन-चार वर्षं रिकामी दिसतात आणि ते जास्त खटकतं. शिक्षणाचा भाग अनुभवाच्या खाली घ्या, आणि त्याच्याही आधी लायसन्स, सर्टिफिकेशन्स टाका, नंबर आणि मुदतीसकट. प्रोजेक्ट केलं असेल, क्लिनिकचे तास असतील, वापरलेली सॉफ्टवेअर असतील तर ती नावानिशी लिहा. वाचणाऱ्याची नजर कॉलेजवर अडकण्याआधी कामावर पडली पाहिजे.

कोर्स पूर्ण झाला नसेल तर डिग्री मिळाली असं भासेल असं लिहू नका, बॅकग्राउंड चेकमध्ये डिग्री कॉलेजकडून किंवा नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस या डिग्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेतून तपासतात आणि मिळालेली ऑफरही जाते.

इंटरव्ह्यूत कॉलेजवरून टोमणा मारला तर काय बोलायचं?

कॉलेजची वकिली करू नका आणि त्याला शिव्याही घालू नका. मी पॅनलवर असताना एका मुलीने दिलेलं उत्तर मला फार आवडलं. ती म्हणाली, तेव्हा मी दिवसा काम करत होते, मला रात्रीचे क्लास हवे होते ते तिथे होते, आणि नेटवर्किंगच्या लॅबमध्ये मी हे हे केलं, मग पुढची पाच मिनिटं ती एका राउटरच्या बिघाडाबद्दल बोलली, तिने काय तपासलं, काय चुकीचं निघालं, शेवटी केबलमध्ये सापडलं. कॉलेजचा विषय तिथेच संपला, नंतर आम्ही कामाबद्दलच बोललो, आणि तिला घेतलं.

माझं कॉलेज बंद पडलं, डिग्री गेली का? लोनचं काय?

डिग्री जात नाही. कॉलेज चालू आणि मान्यताप्राप्त असताना मिळवलेली डिग्री तुमचीच, रेझ्युमेवर नाव तसंच लिहा. एम्प्लॉयरने ट्रान्सक्रिप्ट मागितलं तर त्या राज्याच्या उच्च शिक्षण खात्याकडे विचारा, बंद कॉलेजांचे रेकॉर्ड कुठे ठेवलेत ते त्यांना माहीत असतं. हे आजच मागवून ठेवा, ऑफर आल्यावर धावाधाव नको.

केंद्र सरकारचं लोन असेल आणि तुम्ही शिकत असतानाच, किंवा सोडल्यापासून १८० दिवसांत कॉलेज बंद झालं असेल तर ते माफ होऊ शकतं, फक्त तोच कोर्स दुसरीकडे क्रेडिट्स नेऊन पूर्ण केलेला नसावा. कॉलेजने खोटं सांगून फसवलं असेल तर बॉरोअर डिफेन्सचा अर्ज करता येतो. २०२२ मध्ये कोरिन्थियनच्या ५,६०,००० लोकांचं ५८० कोटी डॉलर कर्ज आणि आयटीटीच्या २,०८,००० लोकांचं ३९० कोटी डॉलर कर्ज सरकारने माफ केलं, म्हणजे हे नुसतं कागदावर नाही. कर्ज माफ झालं म्हणून डिग्री रद्द होत नाही, एम्प्लॉयरला ते कळवायची गरजही नाही. प्रायव्हेट बँकेच्या लोनला मात्र हे लागू नाही. आणि अर्ज भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका, शिक्षण खात्याच्या स्टुडंट एडच्या साइटवर तो फुकट आहे, जुने ईमेल, जाहिरातींचे फोटो, प्लेसमेंटचे छापील कागद जे सापडेल ते सगळं जोडा.